मटाराची शेंग

अर्धांगवायूनंतर बाबांचा उजवा हात सुधारण्यासाठी हाताशी थोडेच महिने आहेत, असे डॉक्टरांनी बजावले होते. म्हणून रोज व्यायामाच्या वेळी मी कोनमापक लावून हात किती अंश उचलला जातो ते वहीत लिहीत असे.

"आज पास की नापास, मास्तरीणबाई?" बाबा विचारत. दोन महिने आकडा जागचा हलला नाही.

काल आई मटार सोलत होती. कोणी न सांगता बाबांनी एक शेंग ओढली. त्यांचा बधिर अंगठा शिवणीवरून फिरला, अडला, मागे येऊन पुन्हा वाट शोधू लागला. रांगते मूल जमिनीवरचा दाणा वेचताना असेच जग विसरते. शरीर हुकमाने शिकत नाही. त्याला काहीतरी जाणून घ्यायचे असावे लागते. व्यायाम करताना बाबा हाताकडे कधी पाहतच नव्हते. ते माझा चेहरा पाहत होते.

हे उमगले, तरीही सवयीने मी वही उचलली. बाबांनी लगेच मान वर केली.

"किती अंश भरले गं?"

न उघडलेली शेंग त्यांच्या बोटांतून गळून पडली होती.