डिकीत अडकलेली खुर्ची

जुनी स्टेशन वॅगन वडिलांनी निवडली होती, तिच्या लांब डिकीसाठी. अर्धांगवायूनंतर त्याच डिकीत त्यांची व्हीलचेअर जाऊ लागली. डिकीला बाहेरून किल्लीचं भोक नव्हतं. बटण दाबलं की कुलूप विजेवर सुटायचं.

सीबीडी बेलापूरला, फिजिओथेरपीच्या दवाखान्यासमोर, एका सकाळी ते सुटलं नाही. वडील मागच्या सीटवर बसले होते. सीटच्या पाठीवरून खुर्ची निघत नव्हती. त्यांना उचलून नेण्याचा प्रश्नच नव्हता. एकदा सोसायटीची लिफ्ट बंद असताना चौघांनी त्यांना चादरीतून खाली आणलं होतं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडी होती. त्यानंतर ते म्हणाले होते, "पुन्हा मला उचलायचं नाही. मी सामान नाही."

शिरवण्याहून ओळखीचा इलेक्ट्रिशियन स्कूटरवर आला. वडिलांच्या शेजारून आत वाकून त्याने डिकीच्या बिजागरीजवळची रबरी नळी चाचपली. डिकीच्या वायरी तिच्यातून जातात.

"वायरी तुटल्यात, दादा. टोकं छतात सरकलीत. सीट पाडून, मागं शिरून अस्तर उतरवायला लागंल. पन बाबा बसलेत तोवर सीट पडनार नाय."

म्हणजे खुर्ची काढायला वडिलांना उतरवायचं, आणि वडिलांना उतरवायला खुर्ची हवी. मी ते मोठ्याने बोलून पाहिलं. फरक पडला नाही.

"तुम्ही पेपरवाले काहीही बाहेर काढता म्हणे," वडील मला म्हणाले. "एक खुर्ची निघेना?"

इलेक्ट्रिशियन हसला. मग नळीला गुंडाळलेली एक तार सोडवून त्याने तळहातावर धरली. गंजलेली, दुपेडी, टोक आत वळवलेलं. झेंडूचा वाळका देठ तिला चिकटला होता.

"ही कुनी बांधली? हिनंच रबर कापलंय. आतल्या वायरीपन."

दसऱ्याला गाडीची पूजा झाली की माळा वडीलच बांधायचे, एक बॉनेटला, एक डिकीला. तारेचं टोक नेहमी आत वळवायचे, कुणाला टोचू नये म्हणून. माळ सुकली की निघायची. तार राहायची.

वडिलांनी तार मागून घेतली. बराच वेळ पाहिली.

"उचला," ते म्हणाले.

मी औषधांच्या दुकानातून प्लास्टिकची खुर्ची आणून फुटपाथवर ठेवली.

"मानेला धरा, बाबा. नवरदेव झालात आज," इलेक्ट्रिशियन म्हणाला.

वडिलांनी डोळे मिटले. खुर्चीत टेकल्यावर तिचं तोंड दवाखान्याकडे करायला सांगितलं. मागे डिकी उघडल्याचा आवाज आला, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं नाही. तार चांगल्या हाताच्या मुठीत होती.