'ही'भोवतीचा लाल गोल

तुमसरच्या कबड्डीच्या बाई गेल्या हिवाळ्यात, एका मंगळवारी सकाळी वारल्या. बुधवारच्या अंकात चार ओळी आल्या. शेवटची ओळ अशी होती : 'क्रीडा क्षेत्रातही त्यांचे योगदान होते.'

मी भंडाऱ्यात याच दैनिकाचे क्रीडा पान सांभाळत असे तेव्हा आमच्या कचेरीत त्यांना 'ही-वाल्या मॅडम' म्हणत. मुलींच्या सामन्याची बातमी छापून आली की त्या एसटीने येत आणि अंक माझ्या टेबलावर पसरत. 'मुलींच्या संघानेही विजेतेपद पटकावले' या ओळीतल्या 'ही'भोवती लाल गोल असे.

"काहून जी भाऊ, हा 'ही' कायले? पोट्टे तं पहिल्याच फेरीत घरी आले. मंग माह्या पोट्ट्या कोणाच्या मांगं जिंकल्या?"

शिपाई हसे. मीही हसे, चहा मागवी. चहा पिऊन उठताना बाई म्हणत, "लाल पेन संपत आला. पुढचा तुमीच देजा."

एकदा बाई सामन्याच्या दिवशीच, संध्याकाळी आल्या. त्यांच्या मुलींनी जिल्ह्याचा अंतिम सामना जिंकला होता. हातातल्या चिठ्ठीवर एकच नाव होते : मनीषा. चिखल्याच्या खाणकामगाराची मुलगी. शेवटच्या चढाईत तिने तीन गडी बाद केले होते. नागपूरच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. वडील पाठवायला तयार नव्हते.

"बाप म्हणते, पेपरात नाव दिसलं तं पाठवतो. येवढं नाव टाकजा भाऊ."

मी नाव टाकले. पान लावताना जाहिरात आली आणि जागा कमी पडली. बातमी खालून कापतात. वर मुलांचा उपांत्य फेरीतला पराभव होता, छायाचित्रासह. मुली खाली होत्या, नेहमीसारख्या. त्यांच्या पाच ओळींची मी एक केली : 'मुलींच्या गटातही तुमसर तालुक्याने बाजी मारली.'

दोन दिवसांनी बाई आल्या. अंक पसरला. चहा घेतला नाही.

"नावाची जागा या 'ही'नं खाल्ली, भाऊ," एवढेच म्हणाल्या.

मनीषा शिबिराला गेली नाही. त्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले, बपेऱ्याला.

पुढे मी मुलींची बातमी वेगळ्या मथळ्याने देऊ लागलो. बाई पुन्हा कचेरीत आल्या नाहीत. त्यांनी त्या बातम्या पाहिल्या की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलेही नाही.

तेरवीला त्यांच्या भाचीने कात्रणांची वही दाखवली. शेवटचे कात्रण त्या एका ओळीचे आहे. 'ही'भोवती गोल आहे. बाजूच्या कोऱ्या जागेत बाईंच्या अक्षरात, लाल शाईने लिहिले आहे : 'मनीषा, चिखला. शेवटची चढाई, तीन गडी.'