सैतकाली आगाची पाच मिनिटं

लग्नात बेस गिटार वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही. नवरी गायकाकडे बघते, म्हातारे मांसाच्या परातीकडे बघतात आणि पोरं माझ्याकडे, कारण ड्रमवर बाई बसलीय. सैतकाली आगा, थोरल्याला आम्ही आगाच म्हणतो, सत्तावीस वर्षं बेस धरून मागे उभा आहे. तो चुकून थांबला की मात्र नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात. मग सगळे मलाच शिव्या घालतात.

माझं नाव कुरालाय. नववीत शाळा सोडली. गणिताच्या बाईंना जमलं नाही ते आगानं केलं. टेबलावर बोटं आपटत मला चार मोजायला शिकवलं. त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर मी ड्रमची काठी फेकून मारते. एकदा मारलीय.

या वसंतात आमच्या गायकानं, नुरतासनं, नवा कीबोर्ड घेतला. त्याच्यात बेसचे, खरजातले सूर आपोआप वाजतात. म्हणाला, "आगा, आता तुमचं काय काम? गाडीत एक जागा वाचेल." मी काठी उचलली. आगानं माझं मनगट धरलं.

तेवढ्यात अल्माटीत वाद्यांचं प्रदर्शन आलं. एक म्हातारा चेक कारागीर स्वतः बनवलेल्या बेस गिटारी घेऊन येणार होता. ज्याला यायचं त्यानं यावं, पाच मिनिटं वाजवावं. त्यातला एक जण कारागीर निवडणार, आणि तो पाच वाजता मोठ्या स्टेजवर, आपल्या साथीदारांसकट. नुरतास म्हणाला, "तुमची निवड झाली तर कीबोर्डचं ते बटण मी स्वतः बंद करीन. नाहीतर आगा, घरी बसा."

हॉलमध्ये पाय टाकला आणि माझं डोकंच फिरलं! शंभर गिटारी एकदम, कुणी तुतारी फुंकतंय, कुणी माईकमध्ये खोकतंय. आगा लग्नातला काळा कोट घालून, सगळी बटणं लावून आलेला, आणि पळतोय लहान पोरासारखा. "पोरी, हे बघ! अगं, ते बघ!"

रांगेत पुढे कोवळी पोरं होती. तव्यावर मक्याचे दाणे फुटावेत तशी तारांवर बोटं उडवत होती.

"आगा, तुम्हाला असं येतं?"

"नाही."

"मग हो?"

"मग काय? मला येतं ते वाजवीन."

त्याचा नंबर आला. घड्याळ सुरू झालं. आणि हा बेसला हातच लावेना! खिसे चाचपले. कुर्तची, सुकवलेल्या दह्याची, एक गोळी निघाली, पांढरी, खारट, दगडासारखी वाळलेली. ती त्यानं कारागिरापुढे ठेवली. "लखलाभ होवो. ही नव्या वाद्याची बायगाझी."

दुभाषी मुलगी आपल्यातलीच, पण शहरातली. "काका, इथे खायचं ठेवू नका."

"खायचं नाही गं. नवी वस्तू रिकाम्या हातानं बघतात का? आईनं शिकवलं नाही तुला?"

"त्यांना नाही कळणार ते."

"मग तू कळव."

मी ओरडले, "आगा, वाजवा! एक मिनिट गेलं!"

"तो घेईपर्यंत नाही."

असला अडेलतट्टू माणूस! दोन मिनिटं गेली. मागून एक पोरगा म्हणाला, "म्हातारा टरकला." माझ्या काठ्या बॅगेत होत्या, त्याचं नशीब.

मुलगी कारागिराच्या कानाशी बोलत होती. त्यानं गोळी हातात तोलली, उजेडात धरली. खडू समजला की काय कोण जाणे. मी त्याला दात वाजवून दाखवले. त्यानं गोळी तोंडात टाकली. बापरे, त्याचं तोंड! चेहऱ्याची पार सुरकुती झाली. पण थुंकला नाही. छातीवर हात ठेवला आणि मान झुकवली. लोक फुटलेच हसून.

"घेतली, काका, घेतली!" आता ती मुलगीच नाचायला लागली. "वाजवा ना!"

दीड मिनिट उरलं होतं.

आगानं एक सूर लावला. थांबला. दुसरा लावला. मग घोडा निघाला. आधी चाल, मग दुडकी, मग दौड, आणि मध्ये टापा हवेत असतात तेवढी जागा रिकामी. मी बाजूचं एक रिकामं खोकं उपडं केलं आणि तळव्यांनी बडवायला लागले. फरशी पुसणाऱ्या बाईनं फडकं टाकलं, तिचे खांदे हलायला लागले. मग पहारेकऱ्याचे. आमच्या माणसांचे खांदे ऐकतात का कुणाचं? वेळ संपल्याची घंटी वाजणार, तर कारागिरानं तिच्यावर हात ठेवला.

चार वाजता फळ्यावर नाव लागलं. सैतकाली!

"साथीदार कोण?" मुलीनं विचारलं.

"ही. आणि आमचा गायक."

"त्याला कशाला?" मी चिडले.

"गळा चांगला आहे त्याचा. अक्कल येईल."

निरोप मिळताच नुरतास काखेत कीबोर्ड मारून धापा टाकत आला. आगानं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "हा घेतलास तेव्हा बायगाझी कुणी दिली?"

"कुणी नाही."

"तरीच रुसल्यासारखा वाजतो."

पाच वाजता स्टेजवर दिवे आले. नुरतासनं खरजाचं बटण बंद केलं, माईक धरला, तोंड उघडलं आणि परत मिटलं. मग मागे वळला. आमच्यात आल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा. आगा कधी सुरू करतोय ते बघायला.

आगानं त्याला एक अख्खा श्वास ताटकळत ठेवलं. मग माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मी दोन्ही काठ्या खाली आणल्या.