डिंभ्याच्या पाण्यापलीकडे हळदीला

वारूळवाडीहून सकाळी निघताना आमच्या ह्यांनी विचारलं, "वाट माहीत आहे का?" मी म्हटलं, "तोंड आहे की विचारायला." तोंड होतं हे खरं, पण त्या दिवशी ते कोणापुढे उघडावं हेच मला शेवटपर्यंत कळलं नाही.

निमित्त होतं सुमनच्या मुलीच्या हळदीचं. सुमन आणि मी लग्नाआधी जुन्नरला एकत्र शिवणकाम शिकलो. मी पुढे नारायणगावात दुकान टाकलं, ती आंबेगावच्या डोंगरात, डिंभे धरणाच्या फुगवट्यापलीकडच्या एका वाडीत नांदायला गेली. बाजाराला आली की ती माझ्या दुकानात बसते, माझ्या डब्यातलं खाते, माझीच कात्री हातात घेऊन माझीच उणीदुणी काढते. मी मात्र इतक्या वर्षांत तिच्या घरी एकदाही गेले नव्हते. "आमच्याकडं याय लई लांब पडतं गं," एवढंच ती म्हणायची. आम्ही बौद्ध, ती डोंगरातल्या हिंदू घरातली, आणि तिची सासू जुन्या वळणाची असल्याचं अधूनमधून कानावर यायचं. त्या 'लांब'चा अर्थ मी माझ्या मनाने लावून घेतला होता. विचारलं कधीच नाही. यंदा मात्र ती स्वतः म्हणाली, "नवरीचं ब्लाउज तू शिव आणि तूच घेऊन ये. दुपारी घोडेगावाहून पावण्यांची जीप निघंल, तिच्यात बस."

ब्लाउज मी मन लावून शिवलं. पण मशीनवर बसले की एकच प्रश्न डोक्यात यायचा: मला तिथे कुठे बसवतील, पडवीत की घरात? पाणी कशातून देतील? पन्नाशी ओलांडलेल्या बाईने असल्या गोष्टींचं मनाला लावून घेऊ नये म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं.

तर, दुपारच्या जीपची वाट पाहणं मला जमलं नाही. मंचरला एसटी बदलली आणि घोडेगावात सकाळच्याच एका जीपमध्ये चढले. माझ्या एका बाजूला वरईच्या बियाण्याचं पोतं होतं, दुसऱ्या बाजूला कोंबडी मांडीवर घेतलेल्या आजीबाई. घोडेगाव सुटलं की रस्ता डोंगराच्या कुशीत शिरतो. डिंभ्याची भिंत दिसली आणि मागोमाग पाणी. मला वाटलं होतं, तळं म्हणजे ताटासारखं गोल काहीतरी असेल. हे तर प्रत्येक घळीत बोटं घालून बसलेलं. उजवीकडे दिसायचं, मग गायब व्हायचं, आणि वळण घेतलं की डावीकडे हजर. कोणतं पाणी अलीकडचं आणि कोणतं पलीकडचं, याचा मला थांगपत्ता लागेना.

"होडी कुठे लागते?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"थंडीच्या दिसांत त्या आंब्याखाली लागायची, मावशी. आता पानी खाली गेलं, होडी बी गेली."

"मग आता कुठे?"

"पानी असंल तिथं," तो म्हणाला. त्याने मला एका उतारावर सोडलं. "खाली जावा सरळ. होडी नसली तर झुडपाला फडकं बांधा, पल्याडनं बघत्यात. फोनला रेंज न्हाई इथं."

सरळ जावा म्हणे. पावसाळ्यात जिथे पुरुषभर पाणी असतं, त्या उतारावर सरळ असं काही नव्हतंच. भेगाळलेला गाळ, मधेच जुन्या घराचं जोतं, मधेच एक बांध, ज्याच्या दोन्ही बाजूंना आता कोणाचंच शेत नाही. एका म्हशीवाल्याला वाट विचारली तर तो म्हणाला, "देवळापासनं डावीकडं वळा." देऊळ मला दिसेना. तो शांतपणे म्हणाला, "देऊळ पाण्यात हाय. पण डावीकडंच वळा." मी अंदाजाने डावीकडे वळले आणि घोट्यापर्यंत चिखलात रुतले. एक चप्पल बाहेर आली, दुसरी यायला तयार नव्हती. तिला उपसून काढताना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पाण्याच्या कडेला पोहोचले तेव्हा होडी नव्हती. समोरच्या काठावर, टेकाडावर, पाच-सात घरं आणि मांडवाचा हिरवा पाला दिसत होता. सुमनचं घर ते हेच असणार. पिशवीत सुई-दोऱ्याबरोबर अस्तराचे तुकडे होते, पांढरा, पिवळा आणि लाल. पांढरा उन्हात दिसायचा नाही, पिवळा वाळल्या गवतात मिसळेल. लांबून उठून दिसावं तर लालच, हे कोणताही शिंपी सांगेल. मी लाल अस्तर करवंदीच्या जाळीला चांगलं पसरून बांधलं आणि दगडावर बसले.

पलीकडे अचानक धावपळ सुरू झाली. माणसं मांडवातून उतारावर पळत होती. कोणीतरी खांद्यावर लांब बांबू घेतला होता. इंजिनाची होडी धाडधाड करत निघाली. मनात म्हटलं, काय हे आदरातिथ्य, आणि आपण उगाच नाही नाही ते विचार करत बसलो. मी पदर सारखा केला.

होडी टेकते न टेकते तोच चार गडी उड्या मारून उतरले. मागे सुमन, कोपरापर्यंत हळदीने माखलेली, रडून डोळे लाल झालेली. आणि सगळ्यांच्या पुढे एक काटकुळी म्हातारी, लुगड्याचा काचा मारलेला, हातात तेलाची वाटी. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कळा कुणाला येत्यात?"

"कसल्या कळा?" मी विचारलं.

"सूनबाई कुटं हाय?"

"कोणाची सूनबाई?"

मी सुमनकडे पाहिलं. सुमनने जाळीवरच्या अस्तराकडे पाहिलं आणि मटकन खाली बसली. "विमल," ती म्हणाली, "लाल तू बांधलंस?"

मग उलगडा झाला. होडी हवी तर पांढरं फडकं. लाल म्हणजे अडलेली बाई किंवा मरणाचा आजारी, डोली (बांबूला घोंगडी बांधून केलेली झोळी) घेऊन या. पाण्यापलीकडच्या साऱ्या वाड्यांत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, म्हणून ड्रायव्हरला ते सांगावंसं वाटलं नव्हतं. सुमनच्या थोरल्या सुनेचे दिवस भरत आलेले. ती अलीकडच्या काठाला माहेरी होती आणि हळदीसाठी आजच यायची होती. लाल दिसताच सगळ्यांच्या मनात एकच आलं. हळद अर्धी टाकून, नवरीला पाटावर तशीच सोडून ही माणसं धावली होती. ही म्हातारी सुमनची सासू, वाडीची सुईण.

मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. ज्या बाईपुढे जपून, नीटनेटकं जायचं ठरवलं होतं, तिच्यापुढे मी चिखलाच्या पायांनी, तिच्या घरच्या मंगल कार्यात मरणाची हूल उठवून उभी होते. मी माफी मागितली. म्हातारी वाटी सावरत होडीकडे वळली. होडीत ती माझ्या समोर बसली आणि पलीकडचा काठ येईपर्यंत पाण्याकडे बघत राहिली. भोवती काय डोंगर होते, कोणती शिखरं होती, मला विचारू नका. मी तेलाच्या वाटीकडे बघत होते आणि मनात परतीच्या होडीची वेळ काढत होते.

मांडवाजवळ पोहोचलो तर करपट वास सुटलेला. हळदीच्या जेवणाचा भात चुलीवर टाकून म्हातारी उठली होती आणि मागे कोणी त्याकडे पाहिलंच नव्हतं. तिने झाकण काढलं, पुन्हा ठेवलं, आणि त्या काठावरून निघाल्यापासून पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"तुज्यापायी करपला. आता तूच टाक दुसरा. तांदूळ आत कणगीत हाय."

मी उंबऱ्याशी थांबले. सुमनने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मला वाटलं, आत्ता बोलून टाकलेलं बरं. नंतर कोणी म्हणायला नको की हिने सांगितलं नाही.

"आजी," मी म्हटलं, "मी वारूळवाडीची. आम्ही बौद्ध आहोत."

म्हातारी चुलीतली लाकडं मागे ओढत होती. तिने वर पाहिलं नाही.

"मग? तुमच्यात भात शिजवत न्हाईत व्हय?"

मांडवात कोणीतरी हसलं. मी आत गेले. कणगीतून तांदूळ काढताना मला राग आला होता की आनंद झाला होता, आजही सांगता येणार नाही. साऱ्या मांडवाचा भात मी रांधला. सूनबाई दुपारच्या जीपने आपल्या पायांनी चालत आली, पांढरं फडकं दाखवून होडीत बसली, आणि झाला प्रकार ऐकून पोट धरून हसली. ब्लाउज नवरीला बिनचूक बसलं, पण त्याचं कौतुक करायला कोणाला सवड नव्हती. जो तो येऊन मला लाल फडक्याबद्दल विचारत होता.

दुसऱ्या दिवशी लग्न लागल्यावर मी निघाले. म्हातारी अंगणात वाटाणे निवडत होती. मी पाया पडले तशी म्हणाली, "भात गच्च झाल्ता. आमच्या तांदळाला पानी कमी लागतं. पुढल्या बारीला ध्यानात ठेव."

सुमन होडीपर्यंत आली. मी अखेर विचारलं, "इतकी वर्षं का नाही बोलावलंस?"

ती पदराचं टोक पिळू लागली. "आत्याबाई काय म्हणत्याल, याचं भ्या वाटायचं. त्यांनी तुला उंबऱ्याबाहेर बसवलं असतं तर तुला तोंड कसं दाखवलं असतं?"

"आणि या वेळी त्यांना विचारलंस?"

"न्हाई. आत्ता बी न्हाई विचारलं."

होडी निघाली. पाणी कालच्यापेक्षा हातभर खाली गेलेलं दिसत होतं, की मलाच तसं वाटलं. एसटीत बसल्यावर मला सुमनचा राग आला, मग स्वतःचा, मग रडू आलं, आणि शेजारची बाई 'माहेराहून आलीस का' म्हणून विचारू लागली. मी हो म्हटलं.

घरी ह्यांनी विचारलं, "काय म्हणाली सासू?" मी भाताचं सांगितलं. ती बाई पूर्वीपासून अशीच होती आणि आम्ही दोघींनी तिला न विचारता दोषी ठरवलं, की आमची भीती त्या काळी खरीच होती आणि मधल्या वर्षांत ती बदलली, हे मला कळलेलं नाही. सुमनला ते सांगता येत नाही, कारण तिनेही कधी विचारलं नाही. दिवाळीनंतर पाणी वर चढलेलं असतं, होडी आंब्याखालीच लागते म्हणतात. तेव्हा जाणार आहे, आणि म्हातारीलाच विचारणार आहे.