सयाजीची मूठ

मंगळवार पेठेत बाळाप्पाचं गुळाचं दुकान होतं. तीस-तीस किलोचे रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, एकट्यानं उचलायची त्याला भारी हौस. हमाल समोर उभा असला तरी हा आपला वाकलाच! शेवटी जांघेत लिंबाएवढी गाठ आली आणि तीन वर्षांत लिंबाचं मोसंबं झालं. डॉक्टर म्हणाले, हर्निया आहे, आतडं अडकून पिळलं तर जिवावर बेतेल. बाळाप्पानं कमरेला पट्टा आवळला आणि रवे उचलत राहिला. खरं सांगायचं तर गडी घाबरला होता.

१९९८च्या उन्हाळ्यात त्याला दवाखान्यात ओढत नेलं ते सयाजीनं. सयाजी शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर, बाळाप्पाचा वीस वर्षांचा दोस्त. माणूस लाखाचा, पण तोंड फाटकं. साधं ‘बस’ म्हणायचं तरी आधी एक शिवी हासडणार. बाळाप्पा त्याला तम्मा म्हणायचा, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. बाळाप्पाची बायको बसव्वा लेकीच्या बाळंतपणाला चंदगडला गेली होती. तिला उगाच घोर नको म्हणून कळवलंच नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी हिरवा गाऊन देत सिस्टर म्हणाली, “अंगावरचं सगळं काढा. गळ्यातलंही.”

बाळाप्पाच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग होतं. लहानपणी अय्यांनी, म्हणजे लिंगायतांच्या गुरूंनी, बांधलेलं. मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही, असा घरचा दंडक.

“हे निघणार न्हाय.”

“मग ऑपरेशन होणार नाही.”

“न्हाय तर न्हाय,” म्हणत बाळाप्पा चपला शोधू लागला. खोटं कशाला बोला, मनातून त्याला बरंच वाटलं.

सयाजीनं दार अडवलं. शिवी देऊन म्हणाला, “माझ्या हातात दे. माझं अंग ते तुझंच अंग की.”

बाळाप्पानं डबीवर हात ठेवला. मग चाचरत म्हणाला, “काल मटण खाल्लंस न्हवं?”

“बुधवार हुता, खाणारच की! आंघोळ करतो.”

“खाली ठिवायचं न्हाय. आणि मी परत गळ्यात घालीस्तवर तोंडातनं एक शब्द न्हाय पायजे. शिवी न देता तुला बोलता येत न्हाय.”

सयाजीनं दवाखान्याच्या नळाखाली दोन बादल्या ओतून घेतल्या. त्या नादात अंगावरचे कपडे चिंब झाले, म्हणून सिस्टरकडून त्यानंही एक गाऊन मागून घेतला. बाळाप्पानं डोळे मिटून डबी त्याच्या उजव्या हातावर ठेवली. सयाजीनं मूठ वळली, ओठ मिटले आणि खाटेवर मांडी घालून बसला. बाळाप्पा लघवीला गेला. भीतीनं त्याला तिथं बराच वेळ लागला.

तेवढ्यात ट्रॉलीवाला आला. “बाळाप्पा न्हवं? चला पावणं.”

सयाजीनं जोरजोरात मान हलवली.

“भ्या वाटतंय व्हय? समद्यांना वाटतंय,” म्हणत त्यानं आणखी एकाच्या मदतीनं सयाजीला आडवं केलं आणि ट्रॉली हाणली. सयाजीनं डाव्या हातानं संडासाकडं बोट दाखवलं. ट्रॉलीवाला म्हणाला, “आता न्हाय, समदं झाल्यावर.”

बाळाप्पा बाहेर येऊन बघतो तर खाट रिकामी! शेजारचा पेशंट म्हणाला, “तुमच्या दोस्ताला नेलं की ऑपरेशनला.”

एका हातानं गाठ आणि दुसऱ्यानं मागून उघडा गाऊन सावरत बाळाप्पा पळत सुटला. आत टेबलावर सयाजी आडवा. एक सिस्टर त्याची मूठ उघडायला झटत होती, डॉक्टर गाऊन वर करून हर्निया शोधत होते. सयाजीच्या कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या, पण ओठ तसेच घट्ट मिटलेले.

“डाक्टर! सुरी खाली ठिवा! पेशंट मी हाय!”

डॉक्टरांनी ट्रॉलीवाल्याकडं पाहिलं. ट्रॉलीवाल्यानं छताकडं पाहिलं. सयाजी उतरला आणि मूठ छातीशी धरून उभा राहिला. बाळाप्पाला भडभडून आलं. ज्याला मुंगी चावली तरी सगळी पेठ गोळा व्हायची, तो आपल्यासाठी पोट फाडून घ्यायला तयार झाला होता आणि एक अक्षर बोलला नव्हता. आता आपण घाबरायचं म्हणजे शरमेची गोष्ट. बाळाप्पा मुकाट्यानं टेबलावर चढला.

दीड तासानं त्याला वॉर्डात आणलं. सयाजी दारातच उभा होता. कुणी दिलेला चहा नाही, तंबाखू नाही. मूठ इतकी आखडली होती की डाव्या हातानं एकेक बोट सोडवावं लागलं. तळव्यावर डबीची लालभडक गोल खूण उमटली होती. त्यानं डबी बाळाप्पाच्या गळ्यात घातली.

“आता बोल, तम्मा,” बाळाप्पा म्हणाला.

सगळा वॉर्ड कान टवकारून बसला. सकाळपासून तुंबलेलं आता काय काय बाहेर पडणार! सिस्टरनं घाईघाईनं दार लोटलं. सयाजीनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं.

“बाळाप्पा,” तो हळूच म्हणाला, “लई दुखतंय का रं?”

एवढंच. मागं-पुढं काही नाही.

बाळाप्पा टाके विसरून उठायला लागला. “सिस्टर!” तो ओरडला, “पळत या! माझं असू दे, आधी ह्याला बघा, ह्याला कायतरी झालंय!”