डाव्या हाताचा टाका

मला गाडी घ्यायची होती, आणि साधीसुधी नाही. हे आधीच कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढचं सांगताना लाज वाटणार नाही. छत्तीस वर्षं घनसावंगीच्या शाळेत भूगोल शिकवला. नकाशावर छडी फिरवत पोरांना जगभर हिंडवलं आणि स्वतः मात्र काळीपिवळी जीपच्या मागच्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन जालन्याला जात-येत राहिलो. जीप खड्ड्यांतून धडधडायची तेव्हा मी डोळे मिटून एका वेगळ्याच गाडीत बसायचो. लांबलचक, काळी, परदेशी कंपनीची सेडान. तिच्यात आवाज नसायचा, धूळ नसायची, पायाशी कोणाची कोंबडी नसायची. खिडकीबाहेरून कापसाची शेतं सावकाश मागे सरकायची आणि मी कुठं चाललोय हे मलाच ठाऊक नसायचं. कंपनीचं नाव सांगत नाही, फुकटची जाहिरात कशाला?

निवृत्त झालो तेव्हा वंदनाला, म्हणजे बायकोला, हे सांगितलं. गाडी दहा-बारा वर्षं जुनी चालेल, पण हवी ती टॉप मॉडेलच. ती म्हणाली, "घ्यायची तर घ्या, पण बेबीनंदाला दाखवल्याबिगर घेऊ नका."

बेबीनंदा आमच्याच घनसावंगीची. वयानं मोठी माणसंसुद्धा तिला बेबीताई म्हणतात. तिचा नवरा राजानंद हाच त्या काळीपिवळीचा ड्रायव्हर. त्या जीपची सीट फाटली होती, आतला काथ्या बाहेर आला होता आणि एक स्प्रिंग तर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या विजारीचा हिशेब घ्यायची. माझीही एक पँट तिनं खाल्ली. लोक राजानंदला रोज चार शिव्या हासडायचे. एके दुपारी बेबीनंदानं घरातलं दाभण घेतलं, जुनी ताडपत्री घेतली आणि जीपमध्ये शिरली ती दिवस मावळताना बाहेर आली. दुसऱ्या दिवशी आम्ही सीटवर बसलो आणि कोणीच काही बोललं नाही. लोक बोलायचे थांबले म्हणजे काम झालं, असं ती आजही म्हणते.

पुढं बाकीचे जीपवाले आले, मग ट्रॅक्टरवाले. मग तिनं जालन्यात अंबड चौफुलीच्या अलीकडे, टायरवाला आणि रसवंती यांच्या मधे एक गाळा घेतला. पाटी लावली नाही, अजूनही नाही. जालना हे बियाण्यांच्या आणि लोखंडाच्या कारखान्यांचं गाव, तिथं पैसेवाल्यांच्या घरी मोठ्या गाड्या आल्या, आणि आपल्या उन्हात त्यांचं कातडं तडकायला लागलं. मुंबईला पाठवलं तर महिना जायचा. बेबीनंदा आठ दिवसांत करून द्यायची. परदेशी कातड्याचं काम तिला कोणी शिकवलं नाही. फाटलेलं उसवायचं, कसं शिवलंय ते बघायचं आणि तसंच परत शिवायचं, एवढंच तिचं शिक्षण.

उसवता उसवता तिला एक गोष्ट समजली. एकाच गाडीच्या तीन-चार तऱ्हा असतात. बेस, मधली, टॉप. बाहेरून सगळ्या जुळ्या बहिणी. आत काय दिलं आणि काय गाळलं, यात सगळा फरक. जुनी गाडी घेणारा बाहेरून बघतो आणि फसतो.

"डिक्कीवरची अक्षरं वाचूच नका, सर," ती मला सांगायची. "ती बाजारात मिळत्यात, मागून चिकटवायची. चाकं बी बदलून मिळत्यात. आत बसा आन् हात सैल सोडा. जिथं बोट आपोआप जातं तिथं खरं बटण हाय का मुकं, तेवढं बघा."

मुकं बटण हा तिचाच शब्द. टॉप मॉडेलला जिथं सीट पुढंमागं करायचं किंवा गार हवेचं बटण असतं, तिथंच बेस मॉडेलला एक गुळगुळीत झाकण असतं. दाबलं तरी काही होत नाही. कंपनीनं जागा ठेवली, पण द्यायचं ते दिलं नाही. बेबीनंदा अशा झाकणावर बोट ठेवून काही वेळ बसते. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "बिचारं वाटतं."

तिची गाडी बघायची रीत मोठी गमतीची. सगळ्या काचा वर करून ती ड्रायव्हरशेजारी बसते, पाठ टेकते आणि डोळे मिटते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. नवखा माणूस समजतो, बाई झोपली. तिचा हात तेवढा हलत असतो, दारावरून, छताच्या कापडावरून, लाकडाच्या पट्टीवरून. लाकूड खरं असलं तर सकाळी गार लागतं, छापील असलं तर लागत नाही. चौफुलीवरचे हॉर्न, रसवंतीची घुंगरं, सगळं काचेपलीकडे राहतं.

तर मी गाडी शोधली. बायपासवर बबलू नावाचा जुन्या गाड्यांचा डीलर आहे, गोड बोलणारा, कपाळाला टिळा. त्याच्या आवारात ती उभी होती. काळी, लांब. डिक्कीवर टॉप मॉडेलची अक्षरं चकाकत होती. सीटला बारीक बारीक भोकं होती, ज्यांतून उन्हाळ्यात गार हवा येते म्हणतात. मी बटण दाबलं तर त्यावर निळा दिवा लागला. दिवा लागला म्हणजे चालतंय, असं आपण मानतो. आरसी बुकात नुसतं गाडीचं नाव होतं, कोणतं मॉडेल ते नव्हतं. पण मी कुठला बुक वाचतो? मी मनानं राजूरला पोचलो होतो. गणपतीपुढं गाडी उभी आहे, वंदना बॉनेटवर हळदकुंकू वाहतेय, आणि मी उगाचच गॉगल लावलाय.

दुसऱ्या दिवशी बेबीनंदाला घेऊन गेलो. रिक्षातून तिला उतरताना पाहिलं तेव्हा बबलूचं हसू क्षणभर अडलं. तिच्याकडं येणाऱ्या चार गाड्यांतल्या तीन बबलूच्या असतात, हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, ओळखीचं माणूस, भाव जरा सैल होईल. माझी अक्कल तेवढीच.

"मावशी, तुम्ही कशाला तसदी घेतली?" तो म्हणाला. "मला फोन करायचा. सरांना मी गैर देणार हाय का?"

"आलेच हाय तर बसते," ती म्हणाली.

आम्ही दोघं आत बसलो. काचा वर गेल्या. बाहेर ट्रक जात होते, पण आत त्यांचा आवाज लांबच्या गिरणीसारखा. बेबीनंदानं डोळे मिटले. मीही मिटले. मग किती वेळ गेला कोण जाणे. मी गोदावरीच्या काठाकाठानं चाललो होतो, पुढं रस्ता होता, पण कुठलं गाव येत नव्हतं, आणि ते न येणंच बरं वाटत होतं.

डोळे उघडले तेव्हा तिचा हात डोकं टेकायच्या उशीखाली, सीटच्या आतल्या वळणावर होता. तिथं तो थांबला होता. ती समोर बघत होती.

"सर, ही शीट कशी वाटून राह्यली?"

"ढगात बसल्यासारखी," मी म्हटलं. खरंच तसं वाटत होतं.

"बराबर सांगा. पाठीला कुठं टोचती का?"

"अजिबात नाही."

"कमरेला?"

"बेबीताई, छत्तीस वर्षांत माझी कंबर इतकी सुखात नव्हती."

तिनं मान हलवली. मग दार उघडलं, उतरली, पदर सारखा केला आणि बबलूसमोर जाऊन उभी राहिली.

"बबलूभाऊ, ही बेस गाडी हाय."

बबलू हसला. "काय मावशी. बटण दाबा, दिवा लागतो. पंखा खराब असंल, करून देऊ."

"बटण टॉपचंच हाय, भंगारातल्या गाडीचं. शिटाला भोकं हायेत, पण खाली पंखा न्हाई. दोन साल झाले, तुम्हीच आणल्ती ही. गिऱ्हाइकाची हौस हाय म्हणले, फोटो दिले, टॉपसारख्या करा म्हणले. पाच आठवडे लागले मला. ह्या शिटा मी शिवल्यात."

"अशा शंभर गाड्या असत्यात. तुम्हाला भास होऊन राह्यला."

"वळणावर मशीन जात न्हाई. तिथं मी हातानं टाके घालते. मी डावरी हाय. कंपनीचा टाका उजवीकडं झुकतो, माझा डावीकडं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "सर, चेसिस नंबर घ्या आन् संभाजीनगरला शोरूमला फोन लावा. ते सांगतील."

बबलूचा चेहरा उतरला. रागानं त्याचा आवाज उलट खालीच गेला. "मावशी, तुम्ही बोलल्या नसत्या तर कंपनीच्या माणसालाबी कळलं नसतं."

बेबीनंदा त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर काहीतरी पसरत गेलं, आणि ते हसू आहे हे समजायला मला वेळ लागला.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"आत्ता म्हणले ते."

बबलू ऑफिसात निघून गेला. मग मीच म्हटलं, "कंपनीच्या माणसालाही कळलं नसतं, बेबीताई." तिनं ऐकून घेतलं, पण माझ्या तोंडून त्याला तेवढी चव नव्हती, हे मला दिसलं.

ती गाडी मी घेतली. बेस मॉडेलच्या भावात घेतली, आणि डिक्कीवरची खोटी अक्षरं बबलूच्याच माणसाकडून उपटून घेतली. वंदना पहिल्यांदा आत बसली आणि बराच वेळ गप्प राहिली. तिचं गप्प राहणं हे प्रमाणपत्रच समजायचं.

पण बाहेर बबलूनं आपलं काम चोख केलं. त्याच्या गाड्या बेबीनंदाकडं यायच्या बंद झाल्या. त्याच्या ओळखीच्या डीलरांच्याही झाल्या. महिना गेला, दुसरा लागला. राजानंद आता जीप चालवत नाही, गुडघे गेले त्याचे. गाळ्याचं शटर रोज उघडायचं, मशीनवरची धूळ पुसायची, आणि समोरून गाड्या निघून जाताना बघायच्या.

मला हे सहन होईना. एक दिवस वंदनाला घेऊन गेलो. वंदना आडपडदा ठेवत नाही. तिनं सरळ विचारलं, "बेबीताई, नुसतं शोरूमला फोन लावा म्हटलं असतं तरी भागलं असतं की. हे वाचले असते आणि तुमचं नावही आलं नसतं."

"सुचलं होतं मला," बेबीनंदा म्हणाली. दाभणाला मेण लावत होती, शिवायला काही नसताना. "गाडीतच सुचलं. मंग वाटलं, तसं केलं तर ह्या शिटा कोणाच्या? गाडी बनावट ठरंल, त्यासंग शिटाबी बनावट ठरतील. तीस साल लोकांच्या शिटा शिवल्या, कोणाला माझं नाव ठाऊक न्हाई. ह्या पाच आठवड्यांचं तरी कोणीतरी ऐकावं वाटलं." दाभण खाली ठेवून ती म्हणाली, "तुमच्यासाठी बोलले असं समजू नका, सर. निम्मं तुमच्यासाठी, निम्मं माझ्यासाठी."

मला तिचा राग आला नाही, आणि दयाही आली नाही. मला तिचा हेवा वाटला. छत्तीस वर्षांत मी एकदाही असं उभं राहून म्हटलं नव्हतं की हे माझं काम आहे, ह्याला हात लावून बघा.

वंदना रसवंतीवर गेली. कडक ऊन होतं, चौफुली सुस्तावली होती. मी म्हटलं, "चला बेबीताई, गाडीत बसा. कुठं नेऊ, सांगा."

"कुठं न्हाई. हितंच उभी राहू द्या, सावलीत."

मी एसी लावून दिला. ती या वेळी मागं बसली, मधोमध, दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरून. काचा वर केल्या. पुढच्या सीटवरून मला आरशात दिसत होतं, तिनं बराच वेळ सीटवरून तळवा फिरवला, वळणापर्यंत, टाक्यांपर्यंत. मग तो थांबला. या खेपेला ती काही तपासत नव्हती. मान एका बाजूला कलली आणि तोंड थोडं उघडं पडलं. मी उतरलो, दार हळूच लोटलं आणि तिच्या गाळ्यात, तिच्या स्टुलावर जाऊन बसलो. समोर मशीन, पायाशी कातड्याच्या पट्ट्या. कोणी आलं असतं तर मी काय सांगणार होतो, देव जाणे.

आलं एक जण. अंबडकडचा माणूस, मोटारसायकलवर, डोक्याला रुमाल. म्हणाला, "ते स्वतःच्या शिवणीवरून गाडी ओळखणाऱ्या बाई हितंच बसत्यात का? शिवायचं काही न्हाई, एक गाडी बघून पाह्यजे." मी हो म्हटलं, थांबा म्हटलं. तो थांबला. मग त्याची नजर माझ्या गाडीवर गेली. तिच्याभोवती एक चक्कर मारून तो परत आला.

"भारी हाय. टॉप मॉडेल का, सर?"

"नाही," मी म्हणालो. "सगळ्यात खालचं. आणि जरा हळू बोला, जिनं सीट शिवल्या ती आत झोपलीय."