पाहुण्यांना गार जेवण

मंडळी, आज सकाळपासून मन खातंय.

माझी धाकटी बहीण ऑस्ट्रेलियात असते. आई गेल्यापासून सगळं मलाच विचारते. नाताळला पहिल्यांदाच तिच्या सासरचे जेवायला येणार आहेत. तिने दहीभात, कोशिंबीर, श्रीखंड ठरवलं होतं. इथे उज्जैनच्या थंडीत शाल गुंडाळून मी म्हणाले, "पाहुण्यांना कुणी गार जेवण वाढतं का? दाल-बाफले कर."

आज व्हिडिओ कॉलवर ती स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली दिसली, लालबुंद. बाफल्यांचे कणकेचे गोळे भाजून बघत होती. "ताई, चक्करच आली. बाहेर बेचाळीस डिग्री, त्यात ओव्हन."

तिथे आत्ता उन्हाळा असतो, हे मला माहीत होतं.

"राहू दे, श्रीखंडच कर," मी घाईने म्हणाले.

"नको गं. पाहुण्यांना कुणी गार जेवण वाढतं का?"

आपलेच शब्द परत कसे घ्यायचे, सांगा ना.